सातवी ब, चौथा तास

स्पीकर मी घरूनच नेते,
पिशवीत, पोळ्यांच्या डब्याला खेटून.
त्याला आता तुपाचा वास लागलाय.
मुलं म्हणतात, मॅडमचा डबा बोलतो.

धडा नदीचा होता.
पुस्तकातली नदी एका पानात
उगमापासून मुखापर्यंत पोचते,
वाटेत दोन रिकाम्या जागा भरून.
म्हणून पॉडकास्ट लावला.
कुणी एक बाई सांगत होती, सावकाश,
कुठल्याशा डोंगरातल्या नदीबद्दल
आणि तिच्या मागे सारखं पाणी,
इतकं जवळ, इतकं निवळ
की शेवटच्या बाकावरचे दोघे
करंगळी दाखवून बाहेर गेले.

बाकीची चाळीस डोळे मिटून.
(चार-पाच झोपली होती, तेही सांगते.)

मग म्हटलं, आपल्याकडे आहे की नदी.
कागदोपत्री कान्ह, तोंडी खान,
शाळेपासून चालत वीस मिनिटं.
आणा तिचा आवाज.
पाच जणांत एक फोन,
आणि रस्ता ओलांडताना हात धरा.

सोमवारी आले सगळे.
कृष्णपुऱ्याच्या पुलावर जे जे मिळालं ते घेऊन:
सिटी बसचा ब्रेक,
छत्र्यांवरची कबुतरं,
भिया, जरा सरका ना,
कुणीतरी खाल्लेलं भाजकं कणीस, दाणा न् दाणा,
आणि कचरागाडीचं गाणं,
ते तर आठही गटांत.
पाणी कुठेच नाही.

मॅडम, नदी तर बोलूनच नाही राहिली,
हर्षुल म्हणाला,
जणू तिनं गृहपाठ केला नव्हता.

विभोरकडे उपाय होता.
नेटवर मिळतं, फुकट, एक मिनिटाचं,
'वाहती नदी, क्रमांक चार'.
खाली हळू लावून देतो. कोणाला कळणार?
मी लगेच नाही म्हटलं नाही.
शनिवारी तपासणीला साहेब येणार होते,
आणि क्रमांक चार खरंच सुंदर होती.

तस्नीम रंगवाला वर्गात फारशी बोलत नाही,
'हजर' सोडून.
तिनं फोन पुढे केला.
आधी पंखा. मग खोकला.
मग तिचे नाना,
दात काढून वाटीत ठेवलेले, ती वाटीही ऐकू येते.
सांगतात, कपडा रंगवून घाटावर धुवायचो,
निळा असला तर नदी निळी
पार दुपारपर्यंत.
आवाज कसा यायचा, नाना?

बराच वेळ नुसता पंखा.
मग त्या बोळक्या तोंडातून
छप्प. श्शऽऽ.
छप्प. श्शऽऽ.

वर्ग हसला.
कुणीतरी म्हणालं, परत.
तिसऱ्यांदा लावलं तेव्हा
एक मुलगी उठून पंखा बंद करून आली,
भर एप्रिलात,
आणि कुणी तक्रार केली नाही.

विभोरनं मात्र केली, पण वेगळी.
हे तर तोंडानं काढलंय.
माझं तर खरं पाणी आहे, मग खोटं कोणाचं?
प्रश्न बरोबर होता.
बीएडला हा नव्हता.
ते दुसऱ्या गावचं पाणी आहे, तस्नीम म्हणाली.
आणि निळ्या नदीतले मासे? हर्षुल म्हणाला,
त्यांचं काय झालं?
तस्नीमनं फोनकडे पाहिलं,
तेवढ्यात घंटा झाली.

स्टाफरूममध्ये तक्ता भरायला बसले:
माहिती, उच्चार, सादरीकरण.
उच्चाराच्या रकान्यात पेन अडलं.
बोळक्या तोंडाला दहापैकी किती देतात,
आणि ते कोणाच्या नावावर?

घरी जाताना पुलावर स्कूटी थांबवली.
हेल्मेट काढलं,
कठड्यावरून वाकले, कान खाली.
कचरागाडी गेली, तिचं गाणं वळणापर्यंत जाऊ दिलं.
आता, म्हटलं, आता येईल,
तर मागून हॉर्न.
मॅडम, गाडी तो साइड में लगा लो.